‘पाण्याची पेढी’ : एका संज्ञेची कागदपत्रांवरून चिकित्सा

पाटबंधाऱ्यांच्या व दुष्काळनिवारणाच्या चर्चेंत ‘पाण्याची पेढी’ हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्याकडेहि ऐकूं येऊं लागला आहे. ओल्या वर्षीं मिळणारें जादा पाणी जमिनीच्या पोटांत मुरवावयाचें, तें ज्याचें त्याच्या नांवें खात्यावर जमा धरावयाचें, आणि कोरड्या वर्षीं विहिरींवाटे उपसून ज्याचें त्यास परत द्यावयाचें, असा या व्यवस्थेचा थोडक्यांत आशय आहे. संज्ञा आकर्षक आहे. आणि आकर्षक संज्ञांविषयीं इतिहासाच्या अभ्यासकानें अंमळ सावध असावें, असें आमचें मत आहे. ‘इनाम’, ‘वतन’, ‘सरदेशमुखी’ या शब्दांचा खरा अर्थ कोशांत सांपडला नाहीं. तो निवाडपत्रांतून व ताळेबंदांतून काढावा लागला. तोच न्याय या नव्या शब्दासहि लागू केला पाहिजे. म्हणून ज्या प्रदेशांत हा व्यवहार सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला त्या प्रदेशाचे करार, निवाडे व कायदे समोर ठेवून, ‘पेढी’ हें नांव त्या व्यवहारास कितपत शोभतें, याची चिकित्सा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियाचा केर्न नामक जिल्हा. पेढी म्हटली कीं ठेव कोणाची, ठेविलें काय, आणि मागतांक्षणीं परत देण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न ओघानेंच येतात. जुन्या सावकारी चोपड्या तपासतांना आपण हेच प्रश्न विचारतों. केर्नच्या चोपडीला ते विचारले असतां उत्तरें एकसारखीं येत नाहींत. कांहीं ठिकाणीं तीं समाधानकारक आहेत, कांहीं ठिकाणीं चमत्कारिक आहेत.

आरंभींच एक घोटाळा दूर केला पाहिजे. कॅलिफोर्नियांत ‘पाण्याची पेढी’ हा शब्द दोन अगदीं निराळ्या गोष्टींना लावला गेला आहे. १९९१ सालीं, दुष्काळाच्या पांचव्या वर्षीं, संस्थानच्या जलखात्यानें एक पेढी उघडली. तिनें पाणी विकावयास तयार असलेल्यांकडून एकरफुटास १२५ डॉलर दरानें सुमारें ८ लक्ष २० हजार एकरफूट पाणी घेतलें आणि गरजवंतांस १७५ डॉलर दरानें, वाहतुकीचा खर्च निराळा आकारून, विकावयास काढलें. (एकरफूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंचीचें पाणी, सुमारें १,२३३ घनमीटर.) त्या पाण्यांतील मोठा भाग शेतें पडीक ठेवून मोकळा झालेला होता. ही केवळ अडत झाली. हींत ठेव कोणीच ठेविली नव्हती. आमच्या चिकित्सेचा विषय हा नव्हे. तथापि दोन्ही व्यवहारांना एकच नांव पडल्यामुळें एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

केर्नची भूमि कशी आहे हें पाहिल्याशिवाय पुढील हकीकत समजणार नाहीं. बेकर्सफील्ड हें तेथील मुख्य शहर. तेथें वर्षास सहा-सात इंचांहून अधिक पाऊस पडत नाहीं. आपल्याकडील माणदेशांतहि याच्या दुपटीहून अधिक पडतो. पाणी येतें तें पूर्वेकडील सिएरा नेवाडा पर्वताच्या बर्फाचें, केर्न नदीवाटे. ही नदी डोंगरांतून बाहेर पडतांच आपला गाळ पंख्याच्या आकारानें पसरीत गेली आहे, आणि त्या वाळूमिश्रित पंख्यांत पाणी फार जलद मुरतें. पूर्वीं तिचें पाणी ब्युएना व्हिस्टा नामक सरोवरांत व पुराच्या वर्षीं त्याहिपुढें टुलेअरी सरोवरांत जात असे. एकोणिसाव्या शतकांत कालवे निघाले आणि सरोवरें आटलीं. (१९२३ सालचें नव्हे, २०२३ सालचें लिहितों: त्या वर्षींच्या पुरांत टुलेअरी सरोवर पुन्हां भरलें आणि त्याच्या तळावरील कापसाचीं व टोमॅटोचीं शेतें बुडालीं. नदीची स्मृति कागदापेक्षां दीर्घ असते.)

या नदीच्या पाण्याविषयीं जो मोठा दावा झाला तो लक्स विरुद्ध हॅगिन या नांवानें प्रसिद्ध आहे. एका पक्षीं हेन्री मिलर व चार्लस् लक्स हे पशुपालनाचे सावकार. दुसऱ्या पक्षीं वरच्या अंगास कालवे काढणारा जेम्स बेन अली हॅगिन. १८८६ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं कांठच्या जमीनदारांचा हक्क उचलून धरला. पण निवाडा जिंकून मिलरचें काम भागलें नाहीं. १८८८ सालीं उभय पक्षांनीं करार करून नदी वांटून घेतली: मार्च ते ऑगस्ट या महिन्यांतील प्रवाहाचा एक तृतीयांश मिलर पक्षास, उरलेला हॅगिन पक्षास, आणि ब्युएना व्हिस्टा सरोवरास बांध घालून तेथें पाणी सांठवावें असेंहि ठरलें. हा करार आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे, तो अशासाठीं कीं, केर्नमधील पाण्याचा प्रश्न न्यायालयांत हरला काय कीं जिंकला काय, त्याचा निकाल अखेर बड्या जमीनदारांच्या खाजगी तहनाम्यानें लागतो, ही परंपरा येथून सुरू होते. पुढें जें घडलें तें याच परंपरेंतलें आहे.

विसाव्या शतकांत विजेचे पंप आले आणि भूगर्भांतील पाण्याचा उपसा वाढला. या उपशास कायद्याचा लगाम जवळजवळ नव्हताच. १९०३ च्या कॅट्झ विरुद्ध वॉकिन्शॉ या निवाड्यानें एकाच भूजलसांठ्यावरील सर्व जमीनमालकांचे हक्क परस्परसापेक्ष ठरविले होते. म्हणजे टंचाईंत प्रत्येकानें वाजवी वाट्यावर समाधान मानावें. तत्त्व उत्तम; परंतु वाटा मोजणारा कोणी नव्हता. भूजलाच्या उपशाचें संस्थानव्यापी नियमन करणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियांत २०१४ सालीं झाला. मधल्या एकशें अकरा वर्षांत जो तो आपल्या जमिनीखालून वाटेल तितकें पाणी उपशीत होता. ‘पेढी’ उभी राहिली ती अशा तिजोरीवर, जिच्या चाव्या प्रत्येक शेजाऱ्याजवळ होत्या.

अशा परिस्थितींत १९४२ सालीं जिल्ह्याच्या आग्नेयेस आर्विन-एडिसन जलसंचय मंडळ स्थापन झालें. शेतकऱ्यांचें हें मंडळ पुढील अनेक संस्थांहून निराळें आहे, व त्याची तारीफ करण्यांत आम्हांस कंजूषपणा करावयाचा नाहीं. फ्रायंट धरणापासून १५२ मैल लांबीचा कालवा १९५१ मध्यें बेकर्सफील्डनजीक येऊन पोंचला. त्यावरील पाण्याचे दोन वर्ग आहेत: पहिला वर्ग बहुधा दरसाल मिळणारा, दुसरा केवळ ओल्या वर्षीं. आर्विन-एडिसनच्या करारांत पहिल्या वर्गाचें पाणी ४०,००० एकरफूट आणि दुसऱ्या वर्गाचें ३,११,६७५ एकरफूट आहे. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. मंडळाच्या वाट्यास आलेलें बहुतेक पाणी अनिश्चित होतें. असेल तेव्हां पूर, नसेल तेव्हां शून्य. तें सांठविल्यावांचून त्याचा उपयोगच नव्हता, आणि धरण बांधण्यास जागा नव्हती. म्हणून १९६६ पासून मंडळानें मुरवणीचीं तळीं केलीं, ओल्या वर्षीं त्यांत पाणी सोडलें, आणि कोरड्या वर्षीं स्वतःच्या विहिरींतून काढून कालव्यानें वांटलें. मंडळाच्या कांहीं भागास कालव्याचें पाणी मिळे. उरलेल्या भागांतील शेतकरी आपल्या विहिरींवरच राहिले, परंतु पातळी सांवरल्यामुळें त्यांचा पंपाचा खर्च आटोक्यांत राहिला.

येथें ठेवीदार, ठेव व परतफेड या तिहींचें उत्तर एकच मिळतें. ठेवणारेहि तेच शेतकरी, काढणारेहि तेच, आणि खड्डा पडला तर तो त्यांच्याच अंगणांत. पण याला पेढी कां म्हणावें? आमच्या भाषेंत याला ‘पेव’ हा चोख शब्द आहे. सुगीचें धान्य जमिनींत पुरून ठेवावें व दुष्काळांत उघडावें, ही रीत दख्खनेंत पिढ्यान् पिढ्या चालत आली. सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेवें होतीं. त्यांतील पुष्कळ २००५ च्या महापुरांत नष्ट झालीं. पेवाच्या पावतीवर व्यापारी माल न हलवितां खरेदी-विक्री करीत, हेंहि येथें लक्षांत घ्यावें; कारण केर्नमध्यें पेवाची पेढी नेमकी याच मार्गानें झाली.

पावतीचा व्यवहार सुरू झाला तो दक्षिण कॅलिफोर्नियांतील शहरांच्या महानगर जलमंडळामुळें. या मंडळाजवळ पैसा होता, डोंगरापलीकडील केर्नमध्यें मुरवावयास जागा होती. १९९४ सालीं त्यानें सेमिट्रॉपिक जलसंचय मंडळाशीं ३,५०,००० एकरफूट पाणी ठेवण्याचा करार केला. १९९७ सालीं आर्विन-एडिसनशींहि केला. सेमिट्रॉपिकची रीत जाणून घेण्यासारखी आहे. तेथें पुष्कळसें पाणी तळ्यांत सोडून मुरविलें जातच नाहीं. शहरांचें कालव्याचें पाणी शेतकऱ्यांस शेतीकरितां देतात; शेतकरी तेवढ्यापुरतें विहिरींतून काढीत नाहीं; आणि जें पाणी त्यानें काढलें नाहीं तें शहरांच्या नांवें जमा धरतात. परत देतांनाहि बहुधा उलट अदलाबदल होते: शेतकरी विहिरींतून पाणी काढतो व त्याच्या वाट्याचें कालव्याचें पाणी वरचेवर शहरांकडे वळवितात. व्यवहारांत शेंकडा १० बट्टा कापून तेवढें पाणी भूगर्भास सोडतात.

हिशेबाच्या दृष्टीनें ही युक्ति सुरेख आहे. खर्च कमी, बाष्पीभवन नाहीं, पंपाची वीज वांचते. परंतु ठेव म्हणून येथें जें जमा होतें तें एक न केलेलें कृत्य आहे. शेतकऱ्यानें अमुक इतकें पाणी काढलें असतें, पण काढलें नाहीं, या गृहीतावर ती जमा उभी आहे. त्यानें तें तसेंहि काढलें नसतें तर? किंवा त्याचें काढणेंच मुळीं भूगर्भाच्या वार्षिक भरण्याहून अधिक असेल तर? ज्या खोऱ्यांत दरसाल उपसा भरण्याहून जास्त आहे, तेथें ‘न काढलेलें पाणी’ ही शिल्लक नसून कमी झालेली तूट असते. कर्जदारानें यंदा कर्ज वाढविलें नाहीं एवढ्यावरून त्याच्या नांवें ठेव जमा करणारा मुनीम आम्हीं कोठें पाहिला नाहीं. सेमिट्रॉपिकच्या कारभाऱ्यांनीं नोंदी काळजीनें ठेविल्या आहेत. आमची हरकत नोंदींविरुद्ध नाहीं, नोंदीच्या रकान्यास दिलेल्या नांवाविरुद्ध आहे.

आतां खुद्द ‘केर्न जलपेढी’ या नांवाच्या संस्थेकडे वळूं. हिचा इतिहास सविस्तर सांगणें जरूर आहे, कारण संज्ञेचा सगळा भार अखेर हिच्यावर पडतो. हॅगिनच्या जमिनी केर्न काउंटी लँड कंपनीकडे गेल्या होत्या. १९६७ सालीं ती कंपनी टेनेको या उद्योगसमूहानें घेतली. १९७६ मध्यें टेनेकोनें आपले नदीवरील हक्क बेकर्सफील्ड शहरास विकले; आणि १९८८ सालीं नदीच्या पंख्यावरील सुमारें २०,००० एकर जमीन संस्थानच्या जलखात्यास विकली. म्हणजे १८८८ च्या तहांत एका माणसाच्या हातीं असलेली भूमि व पाणी हीं शंभर वर्षांनीं फुटून दोन निरनिराळ्या सार्वजनिक संस्थांकडे आलीं. संस्थानचा हेतु असा होता कीं, उत्तरेकडील त्रिभुज प्रदेशांतून येणारें पुराचें पाणी येथें मुरवून सर्व कॅलिफोर्नियाच्या दुष्काळासाठीं राखावें. सार्वजनिक पैशानें घेतलेली, सार्वजनिक कार्यासाठीं राखलेली अशी ही जागा होती. पण त्रिभुज प्रदेशांतून पाणी उचलण्यावर आलेल्या मर्यादा, त्या जमिनीवरील दुर्मिळ प्राण्यांच्या रक्षणाच्या अटी व खर्च यांमुळें काम रेंगाळलें.

इतक्यांत १९९१ चा दुष्काळ आला. संस्थानच्या जलयोजनेच्या मूळ करारांत असें होतें कीं, टंचाई पडल्यास प्रथम शेतीच्या पुरवठ्यांत कपात करावी, नंतर शहरांच्या. त्याप्रमाणें त्या वर्षीं शेतीच्या ठेकेदार मंडळांस या योजनेचें पाणी मुळींच मिळालें नाहीं. मात्र योजनेचे हप्ते त्यांना भरावेच लागले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. या तंट्याचा निकाल लावण्याकरितां जलखातें व ठेकेदार मंडळें यांची गुप्त बोलणीं होऊन डिसेंबर १९९४ मध्यें माँटेरे येथें करार ठरला. त्याचीं कलमें अनेक आहेत. आमच्या कामापुरतीं तीन पुरेत. टंचाईंत शेती व शहर यांची कपात सारख्या प्रमाणांत व्हावी. कायमची तूट पडल्यास सर्वांचे हक्क कमी करण्याचें जें जुनें कलम होतें तें काढून टाकावें. आणि केर्नची २०,००० एकर जमीन शेतीच्या ठेकेदारांस द्यावी. तिच्या मोबदल्यांत त्यांनीं ४५,००० एकरफुटांचा आपला वार्षिक करारी हक्क सोडावा.

या मोबदल्यावर टीकाकारांनीं जो आक्षेप घेतला तो आमच्या मतें बिनतोड आहे. त्या जलयोजनेचे एकंदर करारी हक्क सुमारें ४१ लक्ष एकरफुटांहून अधिक होते. तेवढें पाणी देण्याचीं धरणें व कालवे कधीं बांधलेच गेले नव्हते, आणि सरासरी पुरवठा त्याहून पुष्कळ कमी होता. म्हणजे सोडून दिलेल्या ४५,००० एकरफुटांपैकीं बराच भाग कागदावरचा होता. कागदी पाणी देऊन खरी जमीन घेतली, असा हा विनिमय झाला. देणारा पक्ष तरी यांत फसला म्हणावा, तर करारावर त्याचीच सही होती.

१९९५ सालीं केर्न जलपेढी प्राधिकरण स्थापन झालें व पुढल्या वर्षीं जमीन त्याच्या नांवें झाली. प्राधिकरणाचे सभासद पाहिले तर त्यांत पांच सार्वजनिक जलसंस्था आणि वेस्टसाइड म्युच्युअल वॉटर कंपनी नांवाची एक खाजगी संस्था आहे. आणि पेढींतील जवळजवळ निम्मा वाटा या एकट्या खाजगी संस्थेचा. तिच्यामागें आज वंडरफुल या नांवानें ओळखला जाणारा बदाम-पिस्त्यांचा प्रचंड व्यापारी समूह आहे. यांत कायद्याविरुद्ध कांहीं नाहीं. पण ‘प्राधिकरण’ या सार्वजनिक संज्ञेच्या छायेखालीं निम्मी तिजोरी एका घराण्याची, ही गोष्ट वाचकानें विसरूं नये. पुढें २००० नंतरच्या वर्षांत संस्थानानें त्रिभुज प्रदेशांतील मासे वांचविण्यासाठीं ‘पर्यावरणीय जलखातें’ उघडलें, तेव्हां त्यासाठीं लागणाऱ्या पाण्यांतील कांहीं केर्नमधील खातेदारांकडून विकत घ्यावें लागलें. जी जागा संस्थानची असतां याच कामीं येती, तिच्या परिसरांतील पाणी संस्थानास दाम मोजून घ्यावें लागावें, याला काय नांव द्यावें तें वाचकांनींच ठरवावें.

माँटेरे करारावर फिर्याद झाली. सन २००० मध्यें अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, कराराच्या परिणामांची चौकशी ज्या संस्थेनें केली ती त्याची अधिकारीच नव्हती. ती जलखात्यानें करावयास हवी होती. शिवाय कायमच्या तुटीचें जुनें कलम अमलांत आणल्यास काय होईल याचा विचार चौकशींत झालाच नाहीं. निवाड्यांत ‘कागदी पाणी’ ही कल्पना स्पष्टपणें आली आहे. २००३ सालीं तडजोड झाली. जमीन पेढीकडेच राहिली. परंतु तडजोडींत एक शब्द बदलण्यांत आला, आणि आमच्या लेखाच्या दृष्टीनें तीच सर्वांत बोलकी गोष्ट आहे. ज्यास आजवर ‘हक्क’ म्हणत त्यास यापुढें ‘अ-तक्त्यांतील परिमाण’ म्हणावें, असें ठरलें. कारण ‘हक्क’ या शब्दावर विसंबून गांवें व शहरें न मिळणाऱ्या पाण्याच्या भरंवशावर वसाहती मंजूर करीत होतीं. म्हणजे संज्ञेनें माणसें फसतात हें वादी, प्रतिवादी व जलखातें या सर्वांनीं सहीनिशीं मान्य केलें. ‘हक्क’ हा शब्द सोडला. ‘पेढी’ हा मात्र तसाच राहिला.

ठेवीच्या परतफेडीचा कायदेशीर पाया काय, हाहि प्रश्न आहे. बाहेरून आणून मुरविलेलें पाणी आणणाऱ्यासच परत काढतां यावें, हें तत्त्व लॉस एंजल्स विरुद्ध सॅन फर्नांडो या १९७५ च्या निवाड्यानें दृढ झालें. पेढीची सर्व इमारत याच्यावर उभी आहे. परंतु पाणी वाळूंत गेलें म्हणजे त्यावर ठेवीदाराचा शिक्का राहत नाहीं. काढतांना तें जेथें मुरविलें तेथूनच, तितक्याच खोलीवरून, तितक्याच सावकाशीनें येतें असें नाहीं. ओल्या वर्षांत पाणी तळ्यांतून हळूहळू झिरपतें. कोरड्या वर्षांत शेंकडों हात खोल विहिरी एकदम चालू होतात, आणि त्यांच्याभोंवतीं पाण्याच्या पातळीस मोठा खळगा पडतो. त्या खळग्यांत शेजाऱ्याची विहीर सांपडली, तर तिचें पाणी खालीं जातें. पेढीच्या चोपडींत त्या वेळीं शिल्लक असेल. शेजाऱ्याच्या विहिरींत नसते.

हें तर्काचें बोलणें नव्हे. २००७ पासूनच्या दुष्काळांत पेढीनें मोठा उपसा केला, तेव्हां लगतच्या रोझडेल-रिओ ब्राव्हो जलसंचय मंडळानें विहिरींची पातळी घसरल्याची तक्रार केली, व २०१० मध्यें ब्युएना व्हिस्टा मंडळासह तें न्यायालयांत गेलें. तक्रार करणारे पाण्याच्या व्यवहारांतले अडाणी नव्हते. दोन्ही मंडळें स्वतः पाणी मुरविणारीं आहेत. २०१४ सालीं सॅक्रामेंटोच्या न्यायालयानें पेढीच्या उपशाचा भूजलावर काय परिणाम होईल याची चौकशी अपुरी ठरविली. जलखात्यानें २०१६ मध्यें ती नव्यानें केली. आणि २०२१ सालीं अपील न्यायालयानें नवी चौकशी मान्य केली. अर्थात् कायद्याच्या बाजूनें पेढी आतां निर्वेध आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण जमीन हस्तांतरित झाल्यापासून शेजाऱ्यांच्या विहिरींची समाधानकारक चौकशी होण्यास वीस वर्षें लागलीं, हेंहि त्याच कागदांवरून दिसतें.

पेढीचे कैवारी म्हणतात कीं, ही व्यवस्था नसती तर भूजलाची स्थिति याहून वाईट झाली असती. १९९५, १९९८, २००५, २०११, २०१७ या ओल्या वर्षांचें पाणी वाहून गेलें असतें. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. धरणाच्या मानानें खर्च थोडा, बाष्पीभवन थोडें, आणि तळ्यांवर पाणपक्षी येतात हाहि लहानसा लाभ नव्हे. परंतु सांठलेल्या पाण्याच्या भरंवशावर काय पेरलें जातें हें पाहिलें पाहिजे. कापूस, गहूं, घास हीं पिकें दुष्काळाच्या वर्षीं सोडून देतां येतात. बदाम-पिस्त्यांचें झाड सोडतां येत नाहीं. पेढीनें दुष्काळांतहि पाण्याची शाश्वति दिली, त्या शाश्वतीवर बागा वाढल्या, आणि बागा वाढल्यामुळें पुढील दुष्काळांतील मागणी ताठर झाली. पेवांत धान्य आहे म्हणून घरांत खाणारीं तोंडें वाढवावीं, तसा हा प्रकार. २०१४ सालीं संस्थानच्या जलयोजनेनें करारी परिमाणाच्या शेंकडा ५ एवढेंच पाणी दिलें, त्या वर्षीं हें ताठरपण सर्वांच्या अनुभवास आलें.

त्याच दुष्काळांत शेजारच्या टुलेअरी जिल्ह्यांतील ईस्ट पोर्टरव्हिल या मजुरांच्या वस्तींत घरोघरच्या विहिरी आटल्या व लोकांस टांक्यांतून पाणी पुरवावें लागलें. तेथें केर्नच्या पेढीचा कांहीं संबंध नाहीं. परंतु ज्यांच्या नांवें कोणत्याच खतावणींत खातें नाहीं अशा माणसांची भूजलावर किती मदार असते, हें त्या वस्तीवरून कळतें. उपशामुळें जमीनहि खचत आहे. फ्रायंटचा कालवा खचल्यामुळें मधल्या भागांत त्याची वहनशक्ति निम्म्याहून अधिक घटली, आणि ज्या कालव्यानें भूजल वांचवावयाचें तोच भूजल उपशामुळें दुरुस्त करावा लागला. २०१४ च्या कायद्यान्वये केर्नच्या खोऱ्यास २०४० पर्यंत उपसा व भरणा यांचा मेळ घालावयाचा आहे; त्यासाठीं स्थानिक मंडळांनीं केलेल्या योजना २०२३ च्या मार्चमध्यें जलखात्यानें अपुऱ्या ठरविल्या. ज्या जिल्ह्यांत जगांतील नामांकित जलपेढ्या आहेत त्याच जिल्ह्याच्या भूजलाचा एकंदर ताळेबंद तुटीचा निघावा, ही विसंगति नुसत्या योगायोगाची नाहीं. प्रत्येक पेढी आपल्या खात्यांचा हिशेब ठेविते. सर्व तिजोरीचा हिशेब ठेवणें हें कोणत्याच पेढीचें काम नव्हतें.

आमचा निष्कर्ष असा कीं, आर्विन-एडिसनचें जुनें काम हें पेव आहे व तें उत्तम आहे. सेमिट्रॉपिकचा व्यवहार हा पाण्याचा विनिमय आहे व तो विनिमय म्हणूनच तपासावा. केर्न जलपेढी ही सार्वजनिक भूमीवरील खाजगी व निमसार्वजनिक भागीदारी आहे. तिन्हींना ‘पेढी’ या एकाच नांवानें संबोधिल्यानें पहिल्याचा सचोटीचा लौकिक तिसऱ्याच्या कामीं आला.

हा परकी विषय या पानांत कां, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांत २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें पाण्याचे ‘हक्क’ ठरविण्याची रीत आली. २००९ चा भूजलाचा कायदाहि झाला. अशा वेळीं ‘पेढी’ची कल्पना तिच्या नांवासकट उचलली जाण्याचा संभव आहे. तेव्हां प्रथम भूमि पाहावी. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या फत्तराचा आहे. त्याच्या भेगांत पाणी थोडें मावतें व तें लौकर निघून जातें. १९७२ च्या दुष्काळानंतर ठिकठिकाणीं झालेल्या पाझर तलावांखालच्या विहिरींना पाणी येतें, पण तें पुढल्या दुष्काळापर्यंत राहत नाहीं. केर्नसारखी सांठवण शक्य असेल तर ती तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यांत. तेथें यावल-रावेरकडील केळीच्या बागांनीं पाण्याची पातळी फार खोल नेली आहे. आणि वांटणीचा नमुना पाहिजे असेल तर तोहि त्याच खानदेशांत, पांझरेच्या फडांत आहे: पाणी थोडें असेल त्या वर्षीं कोणता फड भिजवावयाचा व कोणता ठेवावयाचा हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडांत थोडीथोडी असल्यामुळें तुटीचा वांटा सर्वांस यावयाचा. तेथें ठेव कोणाच्याच नांवें नसते.

यावल-रावेर भागांतील विहिरींच्या पातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दफ्तरांत आहेत. तापीच्या गाळांत पाणी मुरविण्याची योजना कोणी पेढीच्या नांवानें पुढें आणील, तर खातेदारांची चोपडी उघडण्यापूर्वीं त्या नोंदी प्रसिद्ध कराव्या, आणि मुरवणीच्या जागेभोंवतालच्या प्रत्येक विहिरीचें माप ओल्या व कोरड्या अशा दोन्ही वर्षीं शेजाऱ्यांच्या समक्ष घ्यावें.